उमाचे उपास

७ जानेवारी १९८६. सकाळी ६.१०

पट्टी पुन्हा घसरली. पुन्हा बसवली. ओटीपोटावर मातीची पट्टी पुरता अर्धा तास राहायला हवी, पण उमा थरथरते आणि पट्टी बाजूला जाते. हा कंप थंडीचा नाही. शरीर विजातीय द्रव्य बाहेर टाकू लागलं की असं होतं. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, मले तर थंडीच वाजून राह्यली. सामान्य माणसाला फरक कळत नाही.

माती वारुळाची. ऑफिसचा चपराशी टिकाराम बिरसा गावाहून येताना थैलीभर आणतो. बाबूजी, बाग लावली का, असं विचारत होता. हौ म्हटलं.

आजपासून नियमित नोंद. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. आता तीन महिने शुद्धी, मग गर्भधारणा, पुढच्या जानेवारीत पाळणा. आखणी कागदावर पूर्ण आहे.

८ जानेवारी

पोस्टाने करत असलेल्या निसर्गोपचार पदविकेचे एकूण बारा पाठ. पाचवा उपवासाचा, तो झाला. सहावा पोस्टात गहाळ. संस्थेला कार्ड टाकलं. वाट पाहण्यात वेळ घालवणं बरोबर नाही, म्हणून सातवा सुरू केला.

उमाचा आहार ठरवला. सकाळी लिंबूपाणी. दुपारी उकडलेला दुधीभोपळा, बिनमिठाचा. संध्याकाळी एक पेरू. सोमवारी आणि गुरुवारी फक्त पाणी. माझा आहार आहे तसाच. उपचार करणाऱ्याने ताकद राखली पाहिजे, शिवाय ऑफिस आहे.

११ जानेवारी

कटिस्नान. जस्ताच्या टपात गार पाणी, वीस मिनिटं. उमा बारा मिनिटांत उठली. तिच्या इच्छाशक्तीवर काम करावं लागेल.

१४ जानेवारी

संक्रांत. उमा शेजारच्या चंपाबाईंकडे हळदीकुंकवाला गेली होती. रुमालात तिळगूळ बांधून आणला. मोह घरात ठेवू नये म्हणून मी खाऊन टाकला. सात वड्या.

चंपाबाईंनी तिला सगळ्यांसमोर विचारलं म्हणे, काहून व उमा, राशन कार्डावरून तुह्यं नाव कटलं का? बायका हसल्या. उमाने हे मला सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, अशिक्षितपणा आहे. चंपाबाई मॅट्रिक आहेत, ती म्हणाली.

२ फेब्रुवारी

आज राइस मिलच्या काट्यावर वजन केलं. एक्कावन्नवर होती, शेहेचाळीसवर आली. पाच किलो विकार गेले. हमाल म्हणाला, बाई तो आधा बोरा भी नहीं. त्याला विषय माहीत नाही.

१६ फेब्रुवारी

केस गळताहेत. पाठ सातवा, पान अकरा: जुनं गेल्याशिवाय नवं येत नाही. केसांबद्दल स्पष्ट लिहिलेलं नाही, पण तत्त्व तेच.

उमा म्हणाली, एकदा लेडी डॉक्टरले दाखवून येऊ, दोघं जाऊ. मी शांतपणे समजावलं. आता डॉक्टर मध्ये आली तर यश कोणाच्या उपचाराचं हे सांगता येणार नाही. ती म्हणाली, कोणाच्याही उपचारानं होऊ द्या ना. तिला पद्धत समजत नाही.

६ मार्च

उमाची तारीख चोवीस फेब्रुवारी. उलटून दहा दिवस झाले. काही नाही.

अजून कोणाला सांगू नये.

१५ मार्च

एकोणीस दिवस.

झालं आहे. शुद्धीचे तीन महिनेही लागले नाहीत. तपासणीची गरज वाटत नाही. निसर्गाला लॅबोरेटरी लागत नाही.

उमाला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, मले तसं काही वाटून नाही राह्यलं. मी म्हटलं, पहिलीच वेळ, तुला कसं कळणार. तिने चार खडे वेचले. मग म्हणाली, मंग मी आता जेवू का? नववा पाठ गर्भिणीचा आहे, त्यात हलका आहार सांगितला आहे. भोपळा चालू ठेवला. पेरूऐवजी पपई देणार होतो, तिने हात लावला नाही. पपई या दिवसांत खात नाहीत म्हणे.

ऑफिसला निघताना पाहिलं. सुपावर एक हात होता. दुसरा पोटावर.

२० मार्च

दुलीचंदला सांगितलं. आमच्या इरिगेशनचा कॅशियर. विश्वासात घेऊन सांगितलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या ऑफिसला कळलं होतं. टिकारामने पाया पडून पेढे मागितले. दुलीचंद म्हणाला, बाबूजी, हमारी बहू को भी वही दवा दे दो. मी म्हटलं, ही दवा नाही, जीवनपद्धती आहे. तो म्हणाला, तो वही दे दो.

या क्षेत्रात मागणी आहे.

२३ मार्च

रविवार. दिवसभर योजना. समोरच्या खोलीत केंद्र. प्राकृतिक मातृ-शिशु उपचार केंद्र, बालाघाट. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ. गर्भधारणा, गर्भिणी, बाल्य असे तीन विभाग. बाल्य विभागासाठी आतापासून नियम लिहून ठेवले: सूर्यस्नान, तेल नाही, काजळ नाही, सहा महिने फक्त आईचं दूध. उमा ऐकत होती. म्हणाली, तेल नाही कसं, तेलाशिवाय लेकरू न्हाऊ घालतात का कुठं? यावर दोघांची चर्चा झाली. शेवटी तिळाचं तेल मान्य केलं. रोज नाही.

मुलाचं नाव निरामय ठरलं. उमा म्हणाली, आन् मुलगी झाली तं? त्याचा विचार केला नव्हता. मी म्हटलं, आरोग्या. ती हसली. शाळेत पोरं आरोग्य केंद्र म्हणतील तिले, म्हणाली. पुन्हा हसली. फार दिवसांनी.

५ एप्रिल

राजेगावहून आई आली. पत्र टाकलं होतं. तिसरा महिना म्हणजे चोरचोळी. बाहेर कळायच्या आत सासूने सुनेला हिरव्या खणाची चोळी गुपचूप घालायची. खण ती घेऊनच आली.

आईने दारात उमाला पाहिलं. पिशवी खाली ठेवली. मग मला परसात बोलावलं. पोरगी पोटुशी आहे का बिमार आहे रे? मी पहिल्यापासून सगळं समजावलं. विजातीय द्रव्य, शुद्धी, हलका आहार. आई म्हणाली, मी पाच लेकरं जन्माले घातले गुणाकर, मले भोपळा नको शिकवू. तू ऑफिसले जाय. आज शनिवार, अर्धा दिवस, असं सांगितलं. ती म्हणाली, मंग अर्धा दिवस जाय.

आल्यावर घरात तुपाचा वास. निषेध नोंदवला.

७ एप्रिल

चोरचोळी झाली. आईने उमाच्या जुन्या चोळीच्या मापाने हाताने शिवली. दोन्ही बाजूंनी तीन-तीन बोटं सैल झाली. मी म्हटलं, आता भरेलच. आईने माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही बाजूंना टाके घातले.

ज्यांना कळायला नको होतं त्या चंपाबाई चार बायका घेऊन आल्या. गजरा आणला. उमा पाटावर ताठ बसली होती. एकीने विचारलं, डोहाळे काय लागले व? उमा म्हणाली, भाकरीचे. बायकांना वाटलं थट्टा करते.

नंतर ती आरशासमोर दोनदा जाऊन आली. दुसऱ्यांदा पदर सरकवून, आडवी उभी राहून. मी पेपर वाचत होतो.

१३ एप्रिल

आई गुपचूप तिला दूध देते असा संशय आहे. सोमवार-गुरुवारचा हिशेब बिघडतो. उमा गार पाण्याला नाही म्हणते. मीही आग्रह सोडला, या अवस्थेत मन राखायचं असतं.

१८ एप्रिल

सहावा पाठ आला. पाकिटावर तीन गावांचे शिक्के. शीर्षक: उपवास कोणास देऊ नये.

पहिल्या परिच्छेदात अशक्त, रक्त कमी असलेले, गर्भवती. चौथ्यात लिहिलं आहे की अन्न फार कमी झाल्यास स्त्रियांचा मासिक धर्म बंद पडू शकतो. हे वाक्य तीनदा वाचलं. छपाईची चूक असावी. या संस्थेचं प्रूफ चांगलं नसतं.

सातवा, आठवा, नववा पाठ झाल्यावर पुन्हा सहाव्याकडे येणं क्रमाला धरून नाही. बाकीच्या पाठांखाली ठेवला.

१९ एप्रिल

उमाला थोडी पेज द्यायला हरकत नाही असं आईला सांगितलं. आई म्हणाली, सकाळीच दिली.

२१ एप्रिल

उमाला विचारलं, मळमळ होते का. नाही म्हणाली. अन्नाचा वास नकोसा होतो का. नाही. मग काय होतं? भूक लागते, म्हणाली. प्रत्येकीचं वेगळं असतं.

२६ एप्रिल

उमा हापशावर पडली. बादली भरताना. चंपाबाईंनी आणि आईने रिक्षात घालून लेडी डॉक्टरकडे नेलं. मी ऑफिसात होतो. मला कोणी विचारलं नाही, निरोपही दुपारी आला. दुलीचंद म्हणाला, हमारी बहू का तो अभी शुरू नहीं किया ना आपने? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, रहने दो.

२८ एप्रिल

डॉक्टरांनी बोलावलं. आई आत माझ्याबरोबर. उमा बाहेर बाकावर.

डॉक्टर म्हणाल्या, गर्भ नाही. नव्हताच. रक्त सहा ग्रॅम आहे. पोटात अन्न नाही म्हणून पाळी बंद झाली, दोन महिने नीट खाल्लं की सुरू होईल. मग विचारलं, आप क्या करते हैं? इरिगेशनमध्ये वरिष्ठ लिपिक, यू.डी.सी., म्हटलं. त्या म्हणाल्या, दफ्तर में नहीं, घर में क्या करते हैं? मी निसर्गोपचाराची भूमिका मांडू लागलो. त्यांनी मध्येच विचारलं, नऊ वर्षांत तुमची तपासणी कधी झाली? मी म्हटलं, मी स्वतः उपचार करणारा आहे. त्यांनी पेन उघडलं आणि माझ्या नावाने लॅबची चिठ्ठी लिहिली. सबसे आसान जाँच है, म्हणाल्या, सबसे पहले यही होनी थी.

चिठ्ठी आईने उचलली आणि माझ्या हातात दिली. 

बाहेर उमा हिरवी चोळी घालूनच बसली होती. आईने तिच्याशेजारी बसून हळू सांगितलं. उमा ऐकत होती. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, म्हंजे कोणीच नव्हतं?

मी म्हटलं, डॉक्टरांचं यंत्र जुनं असेल.

ती म्हणाली, यंत्र नव्हतं. हातानं पाह्यलं त्यांनी.

घरापर्यंत पायी आलो. रिक्षा मिळाली असती. कोणाला सुचलं नाही.

२९ एप्रिल

आई उद्या उमाला राजेगावला नेते. दोन महिने ठेवतो, खाऊपिऊ घालतो, म्हणाली. उमाने ट्रंक भरली. मी विचारलं, परत कधी? ती म्हणाली, चिठ्ठी घेऊन तुमची तपासणी करून या, कागद दाखवा, मी पुढच्याच गाडीनं येतो. कागदावर काहीही निघू द्या, तरी येतो. दोघांचं मिळून काय करायचं ते करू. पण पाह्यल्याशिवाय नाही आता.

नऊ वर्षांत ती एवढं सलग बोललेली आठवत नाही.

मी हौ म्हटलं. खरंच जासान ना, तिने विचारलं. मी म्हटलं, अगदी सकाळी. यात भिण्यासारखं काय आहे. माझा आहार चौरस आहे, झोप चांगली आहे, व्यसन नाही. रिपोर्ट नॉर्मल येणार. तो आला की राजेगावला स्वतः घेऊन जाईन, आईसमोर ठेवीन. मग शुद्धी नव्याने, सहाव्या पाठासकट. उपवास आठवड्यातून एकच. पाळणा फक्त सहा महिने लांबेल. वेळापत्रक दुरुस्त केलं.

३० एप्रिल

उमा आणि आई साडेसहाच्या बसने गेल्या. मी लॅबमध्ये आठ वाजता पोहोचलो. चिठ्ठी खिडकीत दिली. बाकावर पाच जण होते. वीस मिनिटांनी कंपाउंडरने गुणाकर म्हणून पुकारलं. पुन्हा पुकारलं. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, आपका नाम है क्या? मी नाही म्हटलं. कंपाउंडरने पुढचं नाव घेतलं.