चूडीवाल्या पिक्चरचा शेवट

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
छापून आला! माझा पहिला मोठा लेख — जुन्या-नव्या कौटुंबिक सिनेमांवर. बुऱ्हाणपुरात सगळे ज्याला 'चूडीवाली पिक्चर' म्हणतात, त्या ऐंशीच्या दशकातल्या सिनेमाला मी सोडलेलं नाही. जाच सोसून थकलेली सून बांगड्या उंबऱ्यावर काढून ठेवते आणि निघून जाते — इथवर अप्रतिम. मग शेवटच्या रिळात तीच परत येते आणि मारकुट्या सासऱ्याच्या पाया पडून माफी मागते! भित्रा सिनेमा, असंच लिहिलंय.

३ फेब्रुवारी
शाहपूरहून हर्षलचा फोन. तीन आठवड्यांवर आमचा साखरपुडा आणि त्याची आई, निर्मलाकाकू, भडकल्यात. तो त्यांचा सगळ्यात आवडता सिनेमा! "मम्मी बोलते असा शेवट आहेच नाही. पोरगी घर सोडते अन् पिक्चर खतम. तिने टॉकीजमध्ये पाह्यलंय, यार!"
मी म्हटलं, मी खोटं कशाला लिहीन?
"तो मग मम्मी झूठी?"


५ फेब्रुवारी
काकूंचा पप्पांना निरोप — पोरीने पेपरात चूक कबूल करावी, नाहीतर साखरपुड्याचं पाहू. पाहू म्हणे!
पप्पा दिवसभर मागे लागलेत. "बेटा, एक लाइन लिहून टाक ना. काय फरक पडतो?"
पडतो. एका सिनेमाबद्दल खरं बोलायची सोय नसेल, तर त्या घरात बाकी कशाबद्दल बोलणार मी? पण हर्षल मला हवाय.

७ फेब्रुवारी
पप्पांच्या आवडीचा एक कृष्णधवल सिनेमा पुन्हा पाहिला. सून पूर्ण वेळ गप्प. शेवटी सासऱ्याकडे पाठ फिरवते आणि कॅमेरा तिथेच थांबतो. माफी नाही की काही नाही! आणि आत्ताच्या सिनेमांत? नायिका भलंमोठं भाषण ठोकते, टाळ्या घेते आणि शेवटी सगळे एकत्र जेवायला बसतात. ऐंशीतला तो सिनेमा या दोन्हींच्या मधोमध अडकलाय. नाही, माझं मत बदलत नाही.

८ फेब्रुवारी
माफी पाठवली नाही. उद्याच्या पेपरात ती नसणार.
हर्षलला म्हटलं, पूर्ण सिनेमा नेटवर आहे, काकूंना दाखवते. "सगळ्यांसमोर मम्मीला खोटं पाडशील?" — आणि फोन ठेवला त्याने.

१० फेब्रुवारी
काकूंनीच बोलावलं. "घेऊन ये तुझा शेवट!"
त्यांच्याच टीव्हीवर लावला. हर्षलही येऊन बसला. सुनेने बांगड्या उंबऱ्यावर ठेवल्या, ती निघाली — आणि काकू झटकन उठल्या! पदर खोचला, इकडेतिकडे पिशवी शोधायला लागल्या. "चला चला, बस जाईल."
कसली बस? आम्ही बघतच राहिलो. मग त्यांचं त्यांनाच कळलं. लग्न नवं होतं तेव्हा त्या सासरी, फोपनार गावात राहायच्या. टॉकीजमधून गावाकडची शेवटची बस धरायची म्हणून तिकडचे सगळेच या सीनला उठून पळायचे. म्हणजे शेवट त्यांनी कधी पाहिलाच नव्हता!
"काकू, बसा ना. अजून आहे."
बसल्या. पाहिला. पडद्यावरची सून पाया पडली आणि काकू उठून आत निघून गेल्या. हर्षलने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
मोडलं बहुतेक.

१३ फेब्रुवारी
फोन नाही.

१५ फेब्रुवारी
काकू एकट्याच आमच्या घरी आल्या. पप्पा दुकानात. दारातच म्हणाल्या, "शेवट खराबच आहे. बरोबर लिहिलं तू."
मग हळूच — "फोपनारला सासरे हात उचलायचे माझ्यावर. मी ते पिक्चर पाहून आले अन् दुसऱ्याच दिवशी घर सोडलं. मग ह्यांना शाहपूरला वेगळं घर करावं लागलं. हर्षलला नाही माहीत."
मी पाणी आणलं, तोवर त्या चपला घालत होत्या.
"हा शेवट तेव्हा पाह्यला असता ना, तर मी बी परत जाऊन पाया पडले असते. बस होती म्हणून वाचले, बेटा."