कडबाकुट्टीच्या नमुन्यांची गुप्त नोंद

३ फेब्रुवारी १९४७, नगर.
कारखान्यात कडबाकुट्टी यंत्राचे दोन नमुने तयार. एक सरळ पात्याचा, एक वाकड्या पात्याचा. दोन्हींची सगळी माहिती ठेवायचं काम मालक शामकांतरावांनी माझ्यावर सोपवलं. नमुने शेतकऱ्यांकडे चालवून बघायचे, बरा ठरेल तो शेतकी संघाला दाखवायचा. दोनशे यंत्रांची ऑर्डर! मिळाली तर मला मॅनेजर करणार म्हणाले. तेव्हा फिटर गोरक्षनाथ दाराशी उभा. हातात पाना, पण पाना फिरत नव्हता. लक्ष ठेवलं पाहिजे.

५ फेब्रुवारी.
सरळ पातं जामखेडला आक्काबाईंकडे, वाकडं पारनेरला सहादेव पाटलांकडे. दोन्ही सर्व्हिस मोटारीच्या टपावरून रवाना. रिपोर्ट पोस्टकार्डावर येणार. म्हणजे पोस्टमन वाचणार, त्याच्याकडून मुंबईच्या कंपन्यांना कळणार! मी काय दुधखुळा आहे? दोघांना यंत्राबरोबर बंद पाकीट दिलं. आत लिहिलं: यंत्र चांगलं असेल तर वाईट कळवा, वाईट असेल तर चांगलं. पाकिटावर लाल शाईने ठळक: अत्यंत गुप्त, कोणीही उघडू नये. रजिस्टरात पात्यांची मापंही मुद्दाम चुकीची लिहिली. खरी माझ्या डोक्यात, मूळ कागद फाडून टाकला. मालकांना यातलं काही सांगितलं नाही. फार बोलघेवडे आहेत.

६ फेब्रुवारी, सकाळी ७.
रोजनिशी गादीखाली जरा सरकलेली. बायकोला, इंदूला विचारलं, वाचतेस का? इश्श, त्यात वाचण्यासारखं असतं काय, म्हणाली. न वाचता कसं कळलं? मेव्हण्याचीही चौकशी करावी.

१५ फेब्रुवारी.
दोन्ही कार्डं आली. आक्काबाई: "यंत्र लई वंगाळ. कडबा अडकतो. चाक फिरवाया दोन मानसं लागत्यात." वा! म्हणजे सरळ पातं अप्रतिम. सहादेव पाटील: "यंत्र झ्याक चालतंय. बैलं खूश." म्हणजे वाकडं पातं भंगार. अरेरे. बैलांचा उल्लेख तर फारच हुबेहूब वठवलाय. दोन्ही कार्डं बंबात घातली. रजिस्टरात एकच ओळ: सरळ, उत्तम.

१७ फेब्रुवारी.
गोरक्षनाथ काल रविवारी सायकलवरून पारनेरला गेला होता! कोणी सांगितलं होतं? आज मालकांना म्हणतो, वाकडं पातं लई भारी हाय, मी सोता बगितलंय. आता कळलं. वाईट यंत्र पुढे करून आम्हाला बुडवायचं. कोणाचा तरी हस्तक आहे. मी मालकांसमोर रजिस्टर उघडून धरलं. लेखी पुराव्यापुढे बिचारे काय बोलणार?

२२ फेब्रुवारी.
ऑर्डर धरून सरळ पात्याची यंत्रं करायला घ्यायची, पण लोखंडाचं सरकारी परमिट मिळत नाही. म्हणून वाकडं यंत्र परत आणून मोडायचं, त्यातून सरळ पात्याचं दुसरं करायचं असं ठरलं. सूचना माझी. हातोडा मारताना गोरक्षनाथाच्या डोळ्यांत पाणी आलं. पकडला गेला ना लेकाचा!

३ मार्च.
संघाचे लोक आले. जामखेडचं यंत्र आणलं होतं, बरोबर आक्काबाई. पहिलीच पेंडी अडकली. चाक फिरवायला दोन माणसं लावली, मग तीन. मग दांडाच निखळला. साहेब हसू दाबत टांग्यात बसले.
आक्काबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, आवो, मी लिवलं हुतं की, वंगाळ हाय म्हनून. मी हळूच विचारलं, पाकीट वाचलं नाहीत? त्यांनी पिशवीतून काढलं. जसंच्या तसं बंद. म्हणाल्या, उघडू नगा असं लिवलंय न्हवं वर? मास्तरानं वाचून सांगितलं. आमी देवाम्होरं ठिवलं हुतं.
पाणी मागितलं. गोरक्षनाथानेच आणून दिलं. प्यालो.

४ मार्च.
मालकांनी बोलावलं. ऑर्डर गेली, पण महिनाभरात वाकडं यंत्र करून दाखवलं तर संघ बघेल म्हणतो. गोरक्षनाथाने मापं मागितली. सकाळपासून आठवतोय. आठ की साडेआठ इंच, बाक किती, काही आठवत नाही. शेवटी मालकांना सगळी युक्ती सांगितली, हेरांसकट. कुठले हेर, त्यांनी विचारलं. चौकशी चालू आहे म्हणालो.
त्यांनी रजिस्टर मिटून बाजूला सारलं. मग म्हणाले, नृसिंहराव, एखादा चोर खरंच आला असता तर बरं झालं असतं हो. त्याच्याकडे तरी मापं मिळाली असती.
लाज वाटली. खाली बघत उभा राहिलो.