१२३४५६७ चे सहा वाटे

धावडा, २ जानेवारी २०२५

चि. तृप्तीस,
काकाचे भरभरून आशीर्वाद. तू पुण्यात मूळसंख्यांवर संशोधन करून राह्यलीस, म्हणून ही खबर पहिली तुला. मोबाइलवर कळवलं असतं, पण आकडा कोणी चोरला तर? म्हणून पोस्टानं.

१२३४५६७ ही मूळसंख्या आहे, हे मी सिद्ध केलं. वर्गमूळ अकराशे अकराच्या जरा वर. तिथपर्यंतच्या १८६ मूळसंख्यांनी भाग गेला न्हाई, की काम खतम. पेरणीला एकमेकांच्या रानात राबायची सावड करतो तशी सहा घरं जमवली, प्रत्येकाला एकतीस भागाकार. पहिला वाटा मानाचा, दोनापासून १२७ पर्यंत, तो माझा. चौथा कचरूला दिला. माझ्या शाळेत होता तवा त्याला भागाकार कधी आला न्हाई, पण सहावं घर मिळंना.

सव्वीस जानेवारीला माझा सत्कार आहे. फ्लेक्स लागला. दोन ओळींचं शिफारसपत्र जल्दी धाड.

काकावर आहे तेवढीच माया या शोधावरही ठेव.
तुझा,
राधेश्यामकाका


पुणे, ९ जानेवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळ काढतात, तुम्ही भागाकार मंडळ काढलंत. अभिनंदन.

आता वाईट बातमी. तुमचा आकडा मूळसंख्या नाही. रीत अगदी बरोबर, पण त्या १८६ पैकी एकानं भाग जातो. म्हणजे कोणीतरी भागाकार न करताच 'भाग जात नाही' लिहिलंय. कोणत्या संख्येनं, ते सांगणार नाही. उत्तर मागू नका, ताळा करा, असं चौथीत तुम्हीच आम्हाला दटावायचात. सत्काराआधी सहाही वाटे तपासा. नाहीतर गाव तुमची टोपी उडवेल, आणि ते मला खरंच सोसणार नाही.

रागवा, पण पत्र पाठवणं थांबवू नका.
तुमची,
तृप्ती


धावडा, २४ जानेवारी

चि. तृप्तीस,
काकूचे आशीर्वाद. तुझे काका लिहून राह्यले न्हाईत, म्हणून मी.

तुझं पत्र वाचल्याबरोबर यांनी ठरवलं, चोर कचरूच. पारावर माणसं जमवून, फळा मांडून, सगळ्यांदेखत त्याला एकतीसही भागाकार पुन्हा करायला लावले. बिचारा एमआयडीसीतून रोलिंग मिलची पाळी करून आल्ता. तीन तास मान खाली घालून करत राह्यला. एक चूक निघाली न्हाई. मंग बाकीची चार घरं. तीही बराबर. तर हे म्हणाले, पुण्याचा कॉम्प्युटर बिघडला असंल.

कचरूनं हळूच विचारलं, गुरुजी, पहिला वाटा राह्यला का. हे म्हणाले, माझा वाटा तपासायचा सवालच येत न्हाई. मी घरात जाऊन यांची वही आणली. तीस भागाकार मोत्यासारख्या अक्षरात, अन् शेवटच्या १२७ पुढं नुसतं 'भाग जात नाही'. तो शेवटचा भागाकार करायच्या दिवशी हे फ्लेक्ससाठी फोटो काढायला भोकरदनला गेल्ते, मला बिलकुल याद आहे.

कचरूनं खडू पुढं केला. यांनी फळ्यावर भागाकार मांडला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. १२७ नं भाग ९७२१ वेळा गेला, बाकी शून्य. कोणी हसलं न्हाई, तेच यांना जास्त लागलं.

सत्कार यांनी स्वतः जाऊन रद्द केला. पण कचरूची माफी अजून मागितली न्हाई. दोन दिवस झाले, म्हणतात शब्द सुचून राह्यले न्हाईत. मी आजपासून यांचा चहा बंद केलाय. कचरूच्या घरी सांगून ठेवलंय, गुरुजी आले तर कपभर द्या.

माझी माया आहेच, ती मागावी लागू नये.
तुझी,
द्वारकाकाकू