पाटीवर उमटलेली अळंबी

४ जुलै
पाटीवर पेन्सिल ओढल्याचा तो करकर आवाज आज सकाळपासून कानात आहे. लहानपणी शाळेत सगळा वर्ग तालात कविता म्हणायचा, आणि मी तोंड हलवत पाटीवर छत्र्या काढायचो. आज परसातल्या तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर खरीच छत्री! निळसर करडी टोपी, देठाशी पिवळी लव, वास शिळ्या लसणाचा. माझ्या एकाही पुस्तकात नाही.

५ जुलै
विद्यापीठातल्या बुरशीवाल्या बाईंना फोटो पाठवले होते. त्यांचाच फोन. (माझे कान असे जड, की फोनचा आवाज मोठा करावा लागतो, पलीकडचं बोलणं घरभर ऐकू येतं.) "आजोबा, नवी जात असू शकते. पण टोपीचा ठसा हवा. आणि दुसऱ्या एखाद्या जागीही सापडली, तरच मी वर्णन लिहायला घेईन. प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, कुजते. आणि लगेच हुरळून जाऊ नका."
हुरळलो.

६ जुलै
टोपी कागदावर ठेवून वर हिचं काचेचं वाडगं पालथं घातलं. रात्रभरात बीजाणू गळून ठसा उमटतो म्हणे. सकाळी कागद कोरा.
ही म्हणाली, "अहो, त्या वाडग्यात मी फळं ठेवते."

७ जुलै
पुन्हा कोरा. घरभर लसूण. ही बॅग भरून बहिणीकडे निघाली. "तुमच्या कविता जन्मभर सोसल्या. त्यांना वास तरी नव्हता."

९ जुलै
मी ठार वेडा. बीजाणूच पांढरे, पांढऱ्या कागदावर दिसणार कसे? काल माळ्यावरून जुनी पाटी काढून टोपी तिच्यावर ठेवली. आज काळ्या पाटीवर पांढऱ्या भुकटीचं फूल, रेघ न् रेघ रेखीव. शाळेतली कविता खड्या आवाजात म्हटली.
ऐकायला घरात कोणी नव्हतं.

१३ जुलै
बाग, ओढा, सगळं धुंडाळलं. दुसरी जागा मिळत नाही. लाकडाच्या वखारीत मालकानं विचारलं, "काका, काय हरवलंय?"
"अळंबी."
"कधीपासून?"
घरी आलो तर बुंध्यावरच्याही विरघळून काळा चिखल झालेल्या. विद्यापीठातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू."
या वयात पुढचं वर्ष कोणाच्या भरवशावर धरायचं?

१४ जुलै
दुपारी बेल वाजली. दारात ही! महिनाभर येणार नव्हती. नाकावर रुमाल, हातात वर्तमानपत्राची पुडी.
"बहिणीच्या गोठ्यामागच्या ओंडक्यावर होत्या. कागदातच आणल्यात, बहिरी नाही मी. सरका आता, आणि माझं वाडगं आणा."