अजून मी मागातच आहे

तोआ पायोह, सिंगापूर
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय मीनलताई,

नमस्कार. तुमचा खोकला कमी झाला असेल, आर्याची परीक्षाही संपली असेल. हे पत्र हातानं लिहितेय, कारण माझ्या मेलचं काय होतं ते पाहिलं.

आईनं फोनवर एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात माझं लिखाण दिलंय असं तुम्ही म्हणालात, म्हणून अंक हाती येताच मी तो न उघडता येवल्याला पाठवला. अण्णांनी आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "सवे, ही मीनल म्हणजे तुझी ताईच ना? तिची आईपण मागावर बसती का गं?"

मग मी तुमची प्रत उघडली.

जुलैत कंपनीनं मला तीन आठवडे ग्वाटेमाला सिटीला पाठवलं, तेव्हा माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त आनंद झाला होता. "हॉटेलात बसून राहू नकोस, तिथली लहान लहान म्युझियम बघ आणि मला सगळं लिही." मी बघितली. जुन्या स्टेशनातलं रेल्वेचं, तिथल्या रखवालदारानं मला इंजिनात चढू दिलं. पोस्टाच्या तिकिटांचं, तिथे मी एकटीच होते, म्हणून एक आजोबा पुढच्या खोलीतला दिवा लावत आणि मागचा बंद करत माझ्याबरोबर चालले.

आणि कापडाचं. तिथे एक बाई जमिनीवर बसून विणत होती. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं पट्ट्यानं तिच्या कमरेला. ती मागे रेलली की ताणा घट्ट, पुढे झाली की सैल. अर्धा माग ती बाईच. पट्टा सोडून उठताना तिनं कमरेवर हात ठेवले आणि मला रडू आलं. त्याच दिवशी तुम्हाला मेलमध्ये लिहिलं, की माझी आई मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्यातून वर आली की भिंतीला पाठ लावून उभी राहते. कुणी हाक मारली तर म्हणते, "थांब, अजून मी मागातच आहे."

अंकात तेच वाक्य लेखाचं नाव झालंय. रखवालदार आहे, दिवे आहेत. 'माझी आई' हे शब्दसुद्धा तसेच आहेत. खाली नाव तेवढं तुमचं.

मी ते वाचलं त्या दिवशी जेवताना शिरीषदादा हसत म्हणाले, "काय गं, आमच्या सासूबाई मागावर कधी बसल्या? त्या तर बँकेतून रिटायर झाल्या!" तुम्ही म्हणालात, "ललित लेखात एवढं चालतं. भात वाढ सविता." आणि मी वाढला.

नंतर विचारलं, तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "भाषा किती सुधारली मी तुझी! आणि तू तर आईबद्दल कुणालाच सांगत नाहीस. तुझं नाव घालून तुझंच गुपित फोडायचं होतं का?"

हे शेवटचं खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. मंडळाच्या परिचय पुस्तिकेत मी आईपुढे 'गृहिणी' लिहिलं होतं. सगळ्यांच्या आया शिक्षिका, डॉक्टर. ज्या आईच्या विणण्यावर मी बी. ई. झाले, तिचं काम मी लपवलं. एका माणसाला खरं लिहिलं, ती तुम्ही. सेंगकांगच्या तुमच्या घरात तुम्ही मला पहिली खोली दिलीत, एमआरटीच्या गाड्यांचा नकाशा शिकवलात, तापात पेज करून दिलीत. ते मी विसरणार नाही. म्हणूनच हे विसरता येत नाही.

गेल्या रविवारी मी चित्राताईंकडे गेले होते. पुढच्या वर्षीची पुस्तिका त्याच करतात. आईचं काम बदलायचंय म्हटलं. 'गृहिणी' खोडून 'विणकर' लिहिलं. चित्राताईंनी चष्मा काढला. "विणकर? अगं, मग मीनलचा तो लेख..."

मी म्हटलं, "माझा आहे."

तुम्ही शुक्रवारी ऑफिसला गेल्यावर माझ्या दोन बॅगा घेऊन मी इथे भाड्याच्या खोलीत आले. किल्ली चपलांच्या कपाटावर आहे. आईला आता फोन लावणार आहे.

तुमच्या घरी तीन वर्षं राहिलेली,
येवल्याच्या विणकरणीची मुलगी
सविता