माझी मोहरी कुठे जात होती

सोम., ४ मे. पेण

खांदा आज पुन्हा धरला. साडेपाचला उठून दोन वाट्या मोहरी फेसली. मिक्सरला गरम होते, चव जाते, म्हणून दगडी खलातच. मीठ, चिमूटभर हळद, पाणी थेंब थेंब. झणका नाकात चढून डोळ्यांतून पाणी आलं की झाली. मग पांढरा कांदा बारीक चिरून, लिंबू, हिरवी मिरची, हा दुसरा डबा. सातला शरद दोन्ही डबे पिशवीत घालून रोह्याच्या गाडीला गेले.

कंपनी सोडून ह्यांनी रोह्याला स्टेशनरोडवर हॉट डॉगची गाडी टाकली, त्याला सहा महिने झाले. वडापाववाले पावलोपावली आहेत, आपण वेगळं करू, म्हणाले. सॉसेज काय, कोणीही भाजेल. वर काय पडतं त्याच्यासाठी गिऱ्हाईक परत येतं, हे माझं मत. श.ना पटलं म्हणून तर गाडीवर पाटी लागली: 'वहिनींची घरची मोहरी'. वहिनी म्हणजे मी.

संध्याकाळी विचारलं, कशी होती आजची?
"एक नंबर. संपली सगळी."

बुध., ६ मे

डॉ.बाई म्हणाल्या, खांद्याला महिनाभर विश्रांती, कुटणं वाटणं बंद. श.ना सांगितलं. "मग नको करूस काही दिवस," म्हणाले. इतक्या पटकन! एरवी चप्पल घ्यायची तर आठवडा विचार करणारा माणूस.

मी म्हटलं, आणि गिऱ्हाईकाला काय सांगणार? पाटीवर नाव माझं आहे. डावा हात आहे की अजून.

डाव्या हाताने दुप्पट वेळ लागतो.

शुक्र., ८ मे

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

रोह्याला चुलत नणंदेकडे बारसं होतं. तिथून न सांगता गाडीवर गेले, म्हटलं गंमत करू. गर्दी होती. पहिली शिफ्ट सुटलेले कंपनीतले चौघे उभे. शरदने लांब पाव उघडला, सॉसेज ठेवलं आणि प्लॅस्टिकच्या बाटलीतून वर पिवळीधमक रेघ ओढली. नागमोडी. त्यावर मेयोनीज. त्यावर टोमॅटो सॉस. माझ्या कांद्याच्या चार फोडी, त्यापण कडेला.

चौघांतला एकजण खाता खाता म्हणाला, "वहिनींची मोहरी भारीच हां."
शरद म्हणाला, "घरी खलात कुटते ना."

मी त्याच्या पाठीमागे दोन हातांवर उभी होते.

पुढे झाले. डबा कुठाय, विचारलं. गाडीच्या खालच्या फळीवर होता. झाकण काढलं. सकाळी भरला तसाच, काठोकाठ.

"रोज काय करता ह्याचं?"
तो बाटली पुसायला लागला.
"अहो, काय करता?"
"गटारात," म्हणाला. "मार्चपासून."

ते चौघे पावात तोंड घालून उभे.

आजपासून ह्या वहीत 'हे' आणि 'म्हणाले' बंद. तो. म्हणाला. तोंडावर बोलताना सवयीने अहो निघेल तेवढंच.

शनि., ९ मे

मार्चपासून. त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या वाढदिवसाला हात भरून आला होता तरी फेसली होती. ताप होता त्या दिवशी फेसली होती. त्याने डबा नेला, दिवसभर सांभाळला, गाडी बंद करताना गटारात ओतला, डबा धुऊन आणला. धुऊन! मला वाटायचं, किती शहाणा नवरा, डबा धुऊन आणतो.

आज सकाळी एवढंच म्हणाला, "तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं."

मला वाईट वाटू नये म्हणून माझा खांदा गेला.

आणि रोज संध्याकाळी 'एक नंबर'. गप्प बसला असता तर एक वेळ

नाही. तरीही नाही.

रवि., १० मे. जोहे

माहेरी आले. भावाच्या कारखान्यात गणपतीच गणपती, बिनरंगाचे, पाय ठेवायला जागा नाही. वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्याशा मोहरीवरून घर सोडून आलीस गो? माणूस दारू पीत नाय, हात उचलत नाय."

म्हणजे पुरुषाने हे दोन केलं नाही की बाकी सगळं माफ. मारत नाही म्हणून त्याची आरती ओवाळू का? बोलले तसं. वहिनीला राग आला. भाऊ मध्ये पडायचं म्हणून विचारतो, "मेयोनीज म्हणजे काय असतं गं?"

"पांढरं. गुळगुळीत. चव नसलेलं. कशावरही घाला, कोणाचं काही बिघडत नाही. तुझ्या भावजींसारखं."

भाऊ हसला. मी हसले नाही.

मंगळ., १२ मे. पेण

सकाळच्या बसने परत. कोणाच्या घरी किती दिवस रागावून बसणार, तिथे पाटही त्यांचाच.

तो गाडीवर गेलेला. ओट्यावर पोहे झाकून ठेवलेले. खाल्ले नाहीत. मग दुपारी खाल्ले.

गुरु., १४ मे

आज त्याला न सांगता रोह्याला गेले. त्याच्याकडे नाही, मोझेलमावशीकडे. स्टेशनरोडच्या मागच्या आळीत राहतात. निवृत्त नर्स. रोह्यात बेने इस्रायलींची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची, जी एक-दोन घरं उरली त्यातलं एक. मुलगा इस्रायलहून बोलावतो, ह्या जात नाहीत. गाडी सुरू झाल्यापासूनचं गिऱ्हाईक, पण बाहेरचं चिकन खात नाहीत, त्यांच्या धर्माच्या रीतीने कापलेलं नसतं. म्हणून सॉसेजशिवाय हॉट डॉग: नुसता पाव, वर मोहरी आणि कांदा. मोहरीसाठीच येणारं जगातलं एकमेव माणूस. म्हटलं, ह्यांना विचारू.

"मावशी, तुम्हाला बाटलीतली कळली नाही?"
"कळायला काय झालं? पयल्याच दिवशी कळली. गोडमिट्ट. तेव्हापासून मी कांदाच खाते."
"मग बोलला का नाहीत?"
"तुला बोलू? तू कुठे असतेस तिथं? तुझ्या नवऱ्याला बोलले ना. पण त्याच्या आधीचं पण बोलले होते गो." मग म्हणाल्या, "तुझी मोहरी थंडीत लय झकास होती. ऊन वाढलं नि कडू लागायला लागली. चार वाजताची तर औषधासारखी. एका बाईनं थुंकली माझ्यासमोर. तोंडावर सांगितलं मी त्याला, बायकोला सांग. बोलला नाय तो?"

नाही बोलला.

मावशींनी लिंबू सरबत दिलं. त्यात मीठ जास्त होतं. सांगितलं. "बरं झालं सांगितलंस," म्हणाल्या आणि पाणी घातलं. इतकं सोपं असतं.

शुक्र., १५ मे

पहाटे फेसली. चार वाट्या केल्या. एक फ्रीजमध्ये, एक ओट्यावर, एक स्टीलच्या डब्यात घालून गच्चीच्या जिन्यात उन्हाजवळ. चौथी लगेच खाल्ली, पावाच्या तुकड्याबरोबर. नाक, कान, टाळू, सगळं उघडलं. आईची आठवण झाली.

अकराला चाखल्या. एकला. चारला.

चारला फ्रीजमधली जराशी मऊ झालेली, पण जिवंत. ओट्यावरची मेलेली. जिन्यातल्या डब्यातली: झणका सगळा उडालेला, मागे नुसता कडूपणा, जिभेच्या मुळाशी चिकटून बसलेला. मीपण थुंकली.

म्हणजे ती बाई खोटी नव्हती. मावशी खोट्या नव्हत्या. खोटा एकच.

आणि मी? सहा महिने सकाळी सहाला चाखत राहिले. रोह्यात चार वाजता माझी मोहरी कशी लागते हे बघायला एकदाही गेले नाही. हे लिहिताना राग येतोय तो माझा मला.

पण त्याने एक वाक्य बोलायचं होतं. एक. 'उन्हात कडू होते गं.' दुसऱ्या दिवशी थर्मास पाठवला असता, बर्फ पाठवला असता, खल पाठवला असता.

रवि., १७ मे

गाडी बंद. घरात दोघंच. वाट्यांचं सगळं सांगितलं. खाली मान घालून ऐकलं त्याने.

"पहिल्या दिवशी सांगणार होतो. तू दार उघडलंस आणि पिशवी घ्यायच्या आधी विचारलंस, कशी होती? तुझा चेहरा असा होता... म्हटलं उद्या सांगू."
"आणि?"
"उद्या परत तसाच होता."

माझ्या चेहऱ्यावर ढकलतोय. ओरडले. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली इतकं ओरडले. शेवटी म्हणाला, "आणि एक खरं सांगतो. बाटलीतली लोकांना आवडते. गोड असते. खप वाढलाय."

हे त्याला आज सुचलं. मी म्हटलं, "मग पाटी काढा."

मंगळ., १९ मे. रोहा

खल घेऊन दोघं गेलो. त्याने जाताच स्क्रू काढून पाटी उतरवली. तिच्यामागचा पत्रा नवा कोरा.

माझा हात चालत नाही, म्हणून फेसायला त्याला बसवलं. मी सांगत होते: पाणी कमी. जोर नको, घोटा. थांबू नका. दहा मिनिटांत नाक गळायला लागलं, डोळे लाल. येणारे जाणारे विचारत, काका रडता कशाला? मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

बर्फाच्या डब्यात वाटी ठेवली. त्या दिवशीच्या चौघांतले तिघे आले. शरद त्यांना म्हणाला, माझ्यासमोर, "मोहरी घरची म्हणून सांगत होतो ती विकतची होती. ही खरी. आत्ता फेसल्ये."

दोघांनी घेतली. एकाने कपाळ धरलं, पाणी प्यायला आणि आणखी मागितली. दुसऱ्याने बोटाने पुसून काढली. तिसरा, त्या दिवशी भारीच हां म्हणणारा, म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. मला ती बाटलीतलीच द्या."

राग मानू नका म्हणे.

दिली. माझ्या हाताने दिली, नागमोडी रेघ काढून.

मावशींना पाव, मोहरी, कांदा घरी नेऊन दिलं. खाल्लं. दुसरा पाव पुढे केला.

गुरु., २१ मे

काल आणि आज दोन्ही दिवस मी गाडीवर गेले. बाटली आहे, वाटीपण आहे. आज पोह्याचा पापड भाजून चुरून वर घातला. मऊ पाव, मऊ सॉसेज, काहीतरी कुरकुरीत हवंच होतं. त्याने खाऊन पाहिला.

"छान लागतंय."

ह्या शब्दाचं आता काय करायचं, कळत नाही मला. फाटकी नोट असते तसा. खरा असेलही. घेऊ कसा?

पेणला उतरताना खल त्याने उचलला.

शनि., २३ मे

इथल्या कॉलेजजवळ एक गाळा रिकामा आहे. बघून आले. माझी एकटीची गाडी. पाव, कांदा, मोहरी, पापड. बाटली नाही. गाळेवाले म्हणाले, आठवड्यात सांगा. शरदला अजून बोलले नाही.

म्हणजे मीपण आता लपवतेय. आज जेवताना सांगणार होते, मग म्हटलं उद्या.

रवि., २४ मे. पेण

सकाळी पहिलं काम ते केलं. सांगितलं गाळ्याचं. "बरं," म्हणाला. मग, "मला नको आहे तू वेगळी गाडी टाकायला." त्याला काही नको आहे असं त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. बघू, म्हटलं. ठरलेलं नाही माझं. अजून नाही.

दुपारी हॉट डॉगवर घालायला सुक्या जवळ्याची चटणी केली. लसूण, लाल मिरची, तेलात खरपूस. मला तर वाटलं, झालं, ह्याच्यापुढे जगातलं मेयोनीज पाणी भरेल. पावात सॉसेज, वर जवळा, त्याच्या हातात दिला.

त्याने घास घेतला. चावला. आणखी चावला. गिळला.

"खरं सांगू?"
"सांगा."
"वाईट आहे. सॉसेजचा वास वेगळा, जवळ्याचा वेगळा. दोन्ही भांडतात. भाकरीबरोबर दे, सगळी खाईन. ह्याच्यावर नको."

इतका राग आला! दीड तास चुलीपाशी. पाव त्याच्या हातातून काढून घेतला, मी खाऊन पाहिला.

भांडतच होते दोन्ही.

पण राग जाईना. उलट वाढला, आणि तो जवळ्याचा नव्हता. बावीस वर्षं जेवायला वाढत्ये ह्या माणसाला. बावीस वर्षं 'छान झालंय'. समोर बसले.

"पुरणपोळी?"
"काय पुरणपोळी?"
"माझी. खरं सांगायचं."

पंख्याकडे बघत म्हणाला, "जायफळ जास्त असतं."
"कधीपासून?"
"पहिल्या होळीपासून."
"भरली वांगी?"
"वांगी चांगली असतात. खरंच. वांगी खरंच."
"साबुदाण्याची खिचडी?"

हात धुवायला म्हणून उठायला लागला. मी म्हटलं, बसा. अजून आमटी राहिल्ये.