मेरूच्या फऱ्यातलं पातं

२२ फेब्रु. ८७, रवि.
परत जनावरानं आळसांदे खाल्ले, आमची गावठी चवळी. वरच्या वाफ्यांत शेंग नाही, पाला नाही, नुसती बुडखं. खूर बघितले. मेरूच, म्हणजे सांबर, आणि एकटीच मादी असावी. खाणीत सुरुंग वाजायला लागल्यापासून डोंगरातली सगळी जनावरं आमच्याच उरावर.
बंदूक ठाण्यात. भाषेच्या, मराठी-कोंकणीच्या, दंग्यात सगळ्यांच्या जमा करून घेतल्या. राजभाषेचा कायदा झाला, दंगे थांबले, बंदूक तिथेच. परत विचारायला गेलो तर शिपाई म्हणतो, "वयल्यान ऑर्डर येवंक जाय." वर म्हणजे कुठे, ते त्यालाही माहीत नाही.
बाबा म्हणाले, "धनू काढ." आजोबांचं धनुष्य माळ्यावरून काढलं. अजून वाकतं. दोरी नवी घालावी लागेल. मेरू मारणं कायद्यात बसत नाही हे मला कळतं. पण शेंगा कायद्यानं राखल्या जात नाहीत ना!

२४ फेब्रु., मंगळ.
बाणांच्या बॉक्सात बाबांच्या वेळची पाती. खोबरेल लावून फडक्यात ठेवलेली, तरी गंज खाऊन बारीक झालीत. बाबांना ती म्हणजे जीव की प्राण. "पानासारखें पातें जाय, दोन धारांचें. बरगडीमदल्यान सरळ भितर वता." उजवा हात लुळा पडल्यापासून डाव्या हातानं हवेत काढून दाखवतात.
मी ऐकलं नाही. मेव्हण्याकडून बहारीनहून विलायती पाती मागवली होती, ती आजच आली. तीन धारांची, चकचकीत. दाढीच्या ब्लेडसारखी. बोट लावलं तर कापलंच. सुशीला म्हणाली, "माझ्या भावाकडसून साबण न्हय, सेंट न्हय, ह्याच मागवलात?" म्हटलं, हो, हेच.

२६ फेब्रु., गुरु.
डोकं फिरायची पाळी. विलायती पात्याच्या बुडाला आटे आहेत, स्क्रूचे. आमच्या बाणाची काठी बांबूची. बांबूत आटे कसले पाडणार! एम-सील लावून बसवलं, वरून दोरा गुंडाळला. दिसायला झकास.
केळीच्या बुंध्यावर मारून बघितलं. पहिला बाण गोठ्याकडे. दुसरा वळून शेजाऱ्यांच्या पेरूत. शेजारीण ओरडली, "मधू, आमकां मारतलो काय रे?" जड आणि रुंद पातं, वाऱ्यानं खेचतं. मागची पिसं मोठी लावायला पाहिजेत. कोंबड्याची आहेत.

१ मार्च, रवि.
मोठी पिसं लावली. जरा सरळ जातो. तरी नाक खाली.
आणि आज काय दिसलं! पाकिटावरच्या चित्रात माणूस बंदूक घेऊन उभा आहे असं मी इतके दिवस समजत होतो. सुशीलानं भिंगाखाली धरलं. बंदुकीच्या नळीवर आडवं धनुष्य. ही पाती असल्या चापाच्या धनुष्याची, आखूड जाड बाणाची. आमच्या हातानं ओढायच्या धनुष्याची नव्हेतच. मेव्हण्याला सांगताना मी फक्त "बाणाची पाती" एवढंच सांगितलेलं. दोष कुणाला देणार? तरी त्यालाच दिला, मनातल्या मनात.
बाबा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा एवढे हसले. म्हणून मला जास्त राग आला.

५ मार्च, गुरु.
पाळी गावातल्या आमच्या खाणीच्या वर्कशॉपात जेवणाच्या सुट्टीत पॉवर हॅक्सॉच्या मोडक्या ब्लेडचं पातं घासलं. ग्राइंडरवर जास्त दाबलं. निळं पडलं, पाणी उतरलं, फुकट. फोरमन आला. "कंपनीचो ग्राइंडर तुज्या घरचो?" पातं खिशात घातलं. कँटीनमध्ये अजून मराठीवाल्यांचं टेबल वेगळं, कोंकणीवाल्यांचं वेगळं. मी दाराशी उभा राहून चहा प्यालो. कुठेच बसावंसं वाटेना.
बाबांचं जुनं पातं केळीवर मारलं. टोक वाकलं. बाबा म्हणतात, "केळ आमी केन्नाच मारूंक ना." म्हणजे दोष केळीचा, पात्याचा नाही!

८ मार्च, रवि.
बाण मारला. आणि सगळं वाटोळं केलं.
दिवस मावळताना काजूच्या आडोशाला बसलो होतो. विलायतीच लावलं. हट्ट, दुसरं काय! मेरू मेरेवरून, शेताच्या बांधावरून, उतरली, वाऱ्याला तोंड करून उभी राहिली, अगदी आडवी. बाण सुटला तो बरगडीला जायचा, नाक खाली गेलं, फऱ्यावर बसला. हाडावर पातं तुटल्याचा आवाज मी ऐकला. टक्क असा. ती ओरडली नाही. उडी मारली आणि तीन पायांवर रानात. बाणाची काठी मोडून वाटेत पडली, पातं आत. एक धार तुटून मातीत पडलेली, केस चिकटलेले.
अंधार पडेपर्यंत शोधलं. रक्त पाऊलवाटेपर्यंत दिसलं, पुढे नाही.
जेवलो नाही.

९ मार्च, सोम.
रमाकांतनं, माझ्या चुलतभावानं, सकाळी पाऊलवाटेवर रक्त बघितलं. दुपारपर्यंत वाड्यावर सगळ्यांना माहीत. संध्याकाळी गावकर भिकूकाका स्वतः घरी आले. देवळाचं सगळं तेच बघतात. चहा घेतला नाही. उभ्यानंच बोलले.
"मधू, तुज्या हातचें जनावर जखमी जावन जितें गेलें. सोंपयल्या बगर मांडार येवंक मेळचें ना. तुका खबर आसा."
खबर आहे. लहानपणापासून खबर आहे. जखमी जनावर सोडलेल्या माणसानं ते संपवल्याशिवाय देवळासमोरच्या मांडावर, शिगम्याच्या पवित्र जागेवर, पाय ठेवायचा नाही. आणि शिगम्याला त्या मांडावर नमनाची, म्हणजे सुरुवातीची, ढोलाची पहिली थाप आमच्या घरची. मांड मोडायची, म्हणजे शिगमा संपवायची, शेवटची थापही आमच्याच घरची. बाबांचा हात गेल्यापासून ढोलाचा मान माझ्याकडे. दोन्ही थापा चुकल्या की ढोलाचा मान रमाकांतच्या घरी जाणार, परत यायचा नाही.
भिकूकाका गेल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "विलायती."

११ मार्च, बुध.
रजा काढली. रमाकांतही आला शोधायला. मी बोलावलं नव्हतं. सगळा दिवस माझ्यापुढे चालला, काटे बाजूला करत, "हांगा बघ, थंय बघ" करत. त्याला ढोल मिळणार, तरी मदत करतोय. चांगला माणूस आहे, म्हणूनच त्याच्यावर ओरडता येत नाही. शेवटी काहीच नसताना ओरडलो. तो म्हणाला, "बरें, घरा वतां." गेला.
झरीवर ओल्या मातीत खूर. तीन खोल, एक नुसता ओढलेला.

१३ मार्च, शुक्र.
पातं झालं. ह्यावेळी घिसाडघाई नाही. ब्लेडचा तुकडा पाण्यात बुडवत बुडवत घासला, निळा पडू दिला नाही. दोन धारा, अरुंद, हलकं. बांबू चिरून आत बसवलं, राळ, वर दोरा. परत केळीवर. सरळ गेलं! परत मारलं, परत सरळ. बाबांच्या हातात दिलं. त्यांनी डाव्या अंगठ्यावर धार बघितली, परत दिलं. नावं ठेवली नाहीत, हेच खूप.
हेच आधी केलं असतं तर! हातात हत्यारं होती, पोलाद होतं, सांगणारा बाप घरात होता. मला बहारीनचं पाहिजे होतं.

१६ मार्च, सोम.
नमन झालं. मी घरात.
जनेलाच्या गजांतून सगळं ऐकू येतं. रमाकांतनं पहिली थाप मारली. वाटलं होतं चुकेल. चुकला नाही. दाबून, थांबून, बरोबर मारली. बाबा खाटेवर तोंड भिंतीकडे करून पडलेले. सुशीला नारळ खवत होती, ती थांबली. मग परत खवायला लागली.
मी शेतावर गेलो. मेरू आली नव्हती.

१७ मार्च, मंगळ.
आली! आळसांद्यातच. डोंगर चढवत नसणार, म्हणून खालीच फिरतेय. लांब होती, मेरेच्या पलीकडे, बाण पोचला नसता. फऱ्यावर काळी गाठ. त्यातून पात्याचं बूड बाहेर आलेलं. लंगडत खात होती. माझीच शेंग, माझंच पातं अंगात घेऊन.
घरी सांगितलं. बाबा उठून बसले. "फाल्यां मार." उद्याच, म्हणे. सुशीला म्हणाली, "एवढा खाल्लान, आजून थोडा खाल्लान तर काय जाता? जगता हा ती." बाबा तिच्यावर ओरडले, मांड काय असतो हे तुला पेडण्याहून आल्यावर कोणी शिकवलं नाही काय म्हणून. ती म्हणाली, "आमच्या पेडण्याकय मांड आसा, मामांनू." आणि ताट उचलून आत गेली. दोघंही बरोबर. मला दोघांचाही राग आला.

१८ मार्च, बुध.
आज जवळ होती. बाण लावला. बघितलं तर फऱ्यातलं पातं नाही. गळून पडलं असणार, किंवा झाडाला घासून काढलं असणार. गाठ सुकलेली. माशा नव्हत्या. मी नुसता बघत राहिलो, तेवढ्यात ती आत गेली.
भिकूकाकांकडे गेलो. विचारलं, "जनावर बरं झालं तर?"
"म्हणजे?"
"जखमी झालेलं, आणि आपसूक बरं झालं. मग?"
त्यांनी पानाला चुना लावायचा थांबवला. "तशें कोणाचेंच जावंक ना, मधू."
"माझं झालं तर?"
बराच वेळ विचार केला त्यांनी. खोटं नाही सांगत, खरोखर विचार केला. मग म्हणाले, "जितें आसा मरे? मागीर सोंपूंक ना." म्हणजे मारल्याशिवाय मांड नाहीच.
वाटेत येताना एकटाच मोठ्यानं बोलत होतो. पाव विकणाऱ्या पदेरानं सायकल थांबवून बघितलं.
परवा मांड मोडणार. म्हणजे उद्याची संध्याकाळ एवढीच माझ्या हातात.

१९ मार्च, गुरु.
ऊन उतरल्यावर गेलो. नवं पातं, तेल पुसून. काजूच्या आडोशाला बसलो. वारा माझ्याकडे होता.
ती आली. एवढी जवळ कधीच नव्हती. आडवी उभी, पोट भरलेलं, कान हलवत. बरगडी मला मोजता आली असती. दोरी कानापर्यंत ओढली. ह्याहून सोपा नेम आयुष्यात मिळायचा नाही मला.
आणि तिनं चौथा पाय टेकला. आधी नुसता लावला, उचलला, परत लावला. मग त्याच्यावर अंगाचा भार टाकला आणि उभी राहिली. चार पायांवर.
माझ्या तोंडून निघालंच, "अगे! बघ गे!"
तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. पळाली नाही. चालत, जरा लचकत, पण चालत, मेर चढून गेली. मी दोरी सैल केली. मला आनंद झाला. वेड्यासारखा आनंद झाला. सुशीलाला सांगायला धावत सुटलो. अर्ध्या वाटेवर ढोल ऐकू आला, मांडावरचा, आणि पाय जड झाले. काय केलंस मधू! बापाच्या घरातला मान घालवलास आणि हसतोयस कसला?
परसातून आलो. बाबा ओसरीवर आहेत. घरातला जुना ढोल त्यांनी सुशीलाकडून उतरवून घेतलाय, मांडीवर घेऊन डाव्या हातानं दोऱ्या आवळताहेत, माझ्या उद्याच्या थापेसाठी. पावलं ऐकून तिथूनच विचारलं, "मधू, जालें मरे?"
"पाय धुतो," म्हटलं.
पाय धुऊन झालेत. इथे मागच्या पायरीवर बसून हे लिहितोय. त्यांनी परत हाक मारली.